वाण आणि गुण : सातारा-सांगलीच्या शाळांतील आनुवंशिकीचे अध्यापन आणि रूढ समजुतींचा इतिहास

माध्यमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विज्ञानविषयांत आनुवंशिकीचे स्थान काहीसे वेगळे आहे. प्रकाश, विद्युत् अथवा उष्णता यांविषयीही विद्यार्थ्यांच्या मनात चुकीच्या कल्पना असतात. परंतु त्या कल्पनांवाचून कोणाचे लग्न अडत नाही, की कोणाच्या घरात सुनेला बोल लागत नाही. आनुवंशिकीचे तसे नाही. मूल कोणाच्या वळणावर गेले, खोंड कसा निपजेल, कोणत्या घराण्यात मुलगी द्यावी, मुलगा का झाला नाही, हे सारे प्रश्न विद्यार्थी नवव्या इयत्तेत येण्यापूर्वीच घरात, गोठ्यात आणि जत्रेच्या बाजारात सुटलेले असतात. त्यांची उत्तरे देणारी एक भरगच्च शब्दसंपत्ती मराठीत पूर्वापार नांदत आलेली आहे. शाळेतील धडा कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. तो या शब्दसंपत्तीवर लिहिला जातो, आणि पुष्कळदा तिच्यातच विरून जातो.

या विषयातील भ्रामक समजुतींचा पद्धतशीर अभ्यास प्रथम पाश्चात्त्य देशांत झाला. स्कॉटलंडमध्ये जॉन्स्टन व महमूद यांनी १९८० साली शालेय जीवशास्त्रातील कठीण भाग कोणते याचा शोध घेतला, तेव्हा आनुवंशिकीचा क्रम त्यांत अग्रभागी लागला. पुढे २००० साली ल्यूइस व वुड-रॉबिन्सन यांनी इंग्लंडमधील विद्यार्थ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसून आले की, सक्तीचे शिक्षण संपत आलेल्या अनेक मुलांना पेशी, गुणसूत्र आणि जनुक यांचा परस्परसंबंध सांगता येत नाही. शरीराच्या प्रत्येक पेशीत केवळ तिला लागणारीच जनुके असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. हे निष्कर्ष मोलाचे आहेत. तथापि त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. विद्यार्थ्याची घरची भाषा आणि शास्त्राची परिभाषा ही तेथे एकाच भाषेची दोन रूपे आहेत. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत परिभाषा संस्कृत धातूंवरून नव्याने घडविलेली आहे, आणि तिच्यातील कित्येक शब्दांना घरगुती मराठीत आधीच दुसरा अर्थ आहे. भ्रामक समजुतींचा एक मोठा भाग या दोन अर्थांच्या सांध्यात निर्माण झालेला आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र घेणे सोयीचे ठरते. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर ‘दक्षिण सातारा’ या नावाने जो जिल्हा निर्माण झाला, त्याचेच नाव १९६० मध्ये सांगली असे झाले. येथे शिक्षणाचा प्रसार लवकर झाला. १९१९ हे एकच वर्ष पाहिले तरी सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय निघाले आणि कराडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. दुसरीकडे आटपाडी, म्हसवड, खरसुंडी हा खिलार जनावरांचा मुलूख, आणि जतकडील माडग्याळची मेंढी हेही याच भागातले. वंश, पैदास आणि वाण यांचे व्यावहारिक ज्ञान जेथे इतके जुने आहे, तेथे मेंडेलचा सिद्धान्त शिकविणे सोपे जावे, अशी अपेक्षा कोणी केली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

जुन्या शब्दसंपत्तीचा मध्यबिंदू ‘बीज’ हा शब्द होय. पुरुष बीज देतो, स्त्री क्षेत्र आहे, ही कल्पना धर्मशास्त्रात विस्ताराने आलेली आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा ऊहापोह आहे आणि तेथे बीजाकडे झुकते माप दिलेले आहे; परंतु त्याच चर्चेत, दुसऱ्याच्या शेतात टाकलेल्या बियाण्याचे पीक शेताच्या मालकाचे, असाही निर्णय आहे. यावरून ध्यानात येते की, हा वाद मुळात अपत्यावरील हक्काचा होता. क्षेत्रज पुत्र कोणाचा, हा त्यातला खरा प्रश्न. एका कायदेशीर उपमेला कालांतराने शरीरशास्त्राचा दर्जा मिळाला.

ही उपमा शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसली, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती मुळातच चुकीची आहे. शेतात पेरला जाणारा ज्वारीचा दाणा हा पुरुषाचा वाटा नव्हे. परागकण आणि बीजांड यांच्या संयोगातून तयार झालेला गर्भ त्याच्या पोटात आधीच असतो. दाणा म्हणजे दोघांचे मूल. पुरुषाचा वाटा म्हणावयाचा तर तो पराग होय, आणि वनस्पतींतील पुंकेसरांचे हे कार्य कामेरारियुस याने १६९४ मध्ये प्रयोगाने दाखविले होते. मातीची भूमिका तर आईची नव्हेच, दाईची आहे. मराठी परिभाषाकारांनी मात्र येथे एक फार मोठे काम केले आहे, आणि त्याची दखल कोणी घेतलेली दिसत नाही. स्त्रीच्या अंडपेशीला त्यांनी ‘स्त्रीबीज’ असे नाव दिले. ज्या परंपरेत बीज हे केवळ पुरुषाचे होते, त्या परंपरेतील शब्द घेऊन तो स्त्रीला जोडणे, हा त्या सबंध उपमेचा भंग आहे. ‘स्त्रीबीज’ हा शब्द उच्चारताच ‘क्षेत्र’ गळून पडते. पाठ्यपुस्तकात तो शब्द आहे, विद्यार्थी तो पाठही करतात. पण त्यात जुन्या मताचे खंडन आहे हे शिक्षकाने फोडून सांगितल्याखेरीज त्यांच्या लक्षात येत नाही.

‘बीजा’च्या खालोखाल ‘रक्त’ येते. रक्ताचे नाते, रक्तातच असणे, एका रक्ताचे असणे, हे शब्दप्रयोग इतके अंगवळणी पडलेले आहेत की ते रूपक आहेत याचा विसर पडतो. रूपक म्हणून त्यांत काही वावगे नाही. परंतु रक्त हा द्रव आहे, आणि द्रवाची कल्पना आली की मिसळण्याची, पातळ होण्याची आणि बाटण्याची कल्पना तिच्यामागून येते. मेंडेलचा शोध नेमका याच्या उलट आहे. आईबापांकडून आलेले घटक संततीत एकत्र राहतात, पण मिसळून एकजीव होत नाहीत. पुढील पिढीत ते जसेच्या तसे वेगळे होऊन बाहेर पडतात. ही चूक युरोपातील विद्वानांनीही केलेली आहे. रक्तातून अनुवंशाचे कण वाहतात काय, हे पाहण्यासाठी गॉल्टनने सशांच्या एका जातीचे रक्त दुसऱ्या जातीच्या सशांत घातले आणि त्यांची पिल्ले तपासली. पिल्लांत काहीही फरक पडला नाही, असे त्याने १८७१ मध्ये जाहीर केले. शिवाय ज्यांच्यामुळे रक्ताला लाल रंग येतो त्या मानवी पेशींत, त्या पूर्ण वाढल्यावर, केंद्रकच उरत नाही. अनुवंशाचा पुरावा शोधण्यास सर्व शरीरात याहून अयोग्य जागा सापडणे कठीण.

रक्ताच्या कल्पनेचा सर्वांत अडचणीचा परिणाम नात्यातील विवाहाच्या प्रश्नात दिसतो. इरावती कर्वे यांनी ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात महाराष्ट्रातील आप्तसंबंधांची मांडणी केली आहे. मराठी मुलुखातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह संमत, किंबहुना इष्ट. आत्याच्या मुलीशी तितका नव्हे. चुलत व मावस बहिणीशी तर निषिद्ध. यामागची घरगुती उपपत्ती अशी की चुलतबहीण एका कुळाची, एका देवकाची, म्हणून एका रक्ताची; मामेबहिणीचे कूळ वेगळे, म्हणून रक्त वेगळे. आनुवंशिकीच्या हिशेबात मात्र या चारही बहिणी समान अंतरावर आहेत. कोणत्याही सख्ख्या चुलत, मावस, मामे वा आते भावंडांत सरासरीने एक-अष्टमांश जनुके समान पूर्वजांकडून आलेली असतात, आणि त्यांच्या अपत्याच्या ठिकाणी एखाद्या जनुकजोडीच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता एक-षोडशांश असते. कूळ हे एकाच बाजूने मोजले जाते. जनुके दोन्ही बाजूंनी येतात. वर्गात हा एक हिशेब फळ्यावर मांडला, तर वाटाण्याच्या चार चौकटींपेक्षा त्याचे महत्त्व विद्यार्थ्यांना पुष्कळ अधिक वाटेल. तो मांडणे नाजूक आहे हे खरे, कारण वर्गातील काही मुलांचे आईबाप याच नात्याचे असण्याचा संभव असतो. आणि म्हणूनच शक्यता म्हणजे निश्चिती नव्हे, ही गोष्ट त्याच तासाला सांगणे आवश्यक ठरते.

मेंडेलचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० साली द व्ह्रीस, कोरेन्स व चेर्माक यांच्या हातून पुन्हा उजेडात आला. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर रोजी, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. या दोन घटनांचा परस्परसंबंध अर्थातच नाही. पण छत्तीस वर्षांनंतर तो संबंध आला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले आणि न झालेले भाषण आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापले. जातिव्यवस्था ही वंशशुद्धीसाठी होती, ती सुप्रजननशास्त्राला धरून आहे, असा युक्तिवाद त्या काळी सुशिक्षितांत बोकाळला होता. त्याला उत्तर देताना त्यांनी विल्यम बेटसनच्या मेंडेलविषयक ग्रंथाचा आधार घेतला. उच्च बौद्धिक गुण एकाच कोणत्या तरी पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या उतरतात असे मानण्यास आधार नाही, असे गुण अनेक घटकांच्या योगायोगातून संभवतात, असा बेटसनचा अभिप्राय होता. त्यावरून आंबेडकरांनी असे दाखविले की, जातिव्यवस्थेमागे सुप्रजननाची दृष्टी होती असे म्हणणे म्हणजे आजच्या शास्त्रज्ञांनाही नसलेले ज्ञान पूर्वजांच्या पदरात बांधणे होय. त्यांनी आणखी एक साधा प्रश्न विचारला आहे : हेतू वंशशुद्धीचा असेल तर विवाहबंदी समजू शकते, भोजनबंदी कशासाठी?

‘एक गुण, एक जनुक’ ही समजूत आजही शालेय आनुवंशिकीतील सर्वांत चिवट समजूत आहे. तिचे खंडन येथील एका माजी विद्यार्थ्याने १९३६ मध्येच, तेही उत्तम आधारानिशी केले होते, ही गोष्ट विज्ञानाच्या पाठ्यक्रमात कोठेही येत नाही. आंबेडकरांचा ग्रंथ समाजशास्त्राच्या कपाटात राहिला आणि मेंडेल जीवशास्त्राच्या.

या समजुतीला मराठीतील आणखी एका शब्दाने हातभार लावलेला आहे. ‘जात’ हा शब्द ज्वारीला लागतो, गाईला लागतो, आंब्याला लागतो आणि माणसालाही लागतो. इंग्रजीत स्पीशीज, ब्रीड, व्हरायटी आणि कास्ट असे चार वेगळे शब्द जेथे आहेत, तेथे व्यवहारातील मराठी एकाच शब्दावर भागविते. खिलारची जात आणि माणसाची जात एकाच व्याकरणात बोलता येते, म्हणून ती एकाच शास्त्रातही बसत असावी, असा निष्कर्ष न बोलता काढला जातो. परिभाषेत ‘जाती’, ‘वाण’, ‘वंश’ असे भेद केलेले आहेत, परंतु वर्गाबाहेर ते कोणी पाळत नाही.

परिभाषेच्या निर्मितीचा काळ मुख्यतः १९६० नंतरचा. त्या वर्षी राज्य अस्तित्वात आले, भाषा संचालनालय निघाले, आणि साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना झाली. मंडळाचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे वाईचे. त्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालयही वाईसच स्थिरावले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. ज्या गावात प्राज्ञपाठशाळेने बीज-क्षेत्राच्या वादासह सारे धर्मशास्त्र धर्मकोशात संकलित केले, त्याच गावात पेशीविभाजन आणि उत्परिवर्तन यांवरील नोंदी मराठीत लिहिल्या गेल्या. पुण्यात १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा नव्या आकृतिबंधाप्रमाणे झाली. एरवी महाविद्यालयात भेटणारा हा विषय त्यानंतर हळूहळू प्रत्येक माध्यमिक शाळेत पोचला.

परिभाषाकारांचे कार्य अवघड होते, आणि त्यांच्यावर टीका करताना हे विसरता कामा नये. ‘जीन’ हा शब्द विश्वकोशाने तसाच ठेवला व त्यापुढे अर्थ देण्याची प्रथा पाळली. शाळेत मात्र ‘जन्’ धातूवरून घडविलेला ‘जनुक’ रूढ झाला, आणि ते बरेच झाले. कारण मराठीत जीन घोड्याच्या पाठीवर असते आणि कापसाच्या कारखान्यातही असते. योहान्सेनने १९०९ मध्ये मूळ शब्द घडविला तो याच हेतूने, की त्याला मागील कोणत्याही उपपत्तीचा वास नसावा. ‘जनुक’ या शब्दाने तो हेतू साधला.

‘गुणसूत्र’ या शब्दाने तो साधला नाही. वाल्डायरने १८८८ मध्ये दिलेल्या ‘क्रोमोसोम’ या नावाचा अर्थ रंग धरणारी वस्तू एवढाच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रंजकद्रव्य टाकले की ती रंगते, यापलीकडे त्यात कसलाही दावा नाही. ‘रंगसूत्र’ हा शब्दही मराठी लेखनात काही काळ चालला, आणि अर्थाने तो अधिक प्रामाणिक होता. जिंकला तो ‘गुणसूत्र’. आता ‘गुण’ या शब्दाचे मराठीतील व्यवहार पाहावेत. गुण परीक्षेत मिळतात. गुण घ्यावयाचे असतात, गुण उधळावयाचे असतात, औषधाने गुण येतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण तर बैलांच्या याच मुलखात प्रत्येकाला पाठ. ती बारकाईने वाचली तर तिच्यात आनुवंशिकीतील एक मूलभूत भेद सांगितलेला आढळतो. वाण म्हणजे वर्ण, अंगाचा रंग. तो जन्माने आलेला असतो आणि शेजाऱ्यामुळे बदलत नाही. गुण म्हणजे सवय, स्वभाव. तो संगतीने येतो. लोकभाषेने जन्मजात आणि अर्जित यांच्यात काटेकोर रेषा ओढली होती, आणि ‘गुण’ हा शब्द रेषेच्या अर्जित बाजूस ठेवला होता. परिभाषेने तोच शब्द उचलून जन्मजात गोष्टींच्या सूत्राला बांधला. परिणामी दोन प्रकारचे घोटाळे झाले. काही विद्यार्थी असे मानू लागले की संगतीने आलेले गुणही सूत्रावर चढतात आणि मुलांत उतरतात. पैलवानाच्या मुलाचे दंड जन्मतःच भरलेले असतात, हा त्याचाच एक प्रकार. उलट काहींना असे वाटू लागले की प्रामाणिकपणा, आळस, हुशारी असे सर्व ‘गुण’ सूत्रावर मण्यांसारखे ओवलेले आहेत. शब्द ‘वाणसूत्र’ असा असता तर कदाचित दोन्ही घोटाळे टळले असते. आता तो बदलण्याची वेळ गेली आहे. परंतु ढवळ्या-पवळ्याची म्हण पाठाच्या आरंभी सांगून पुढे जाणे कोणाही शिक्षकाच्या हातात आहे.

‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ या जोडीची कथा याहून वाईट आहे. मेंडेलने वापरलेल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘मागे सरणारा’ असा होतो. संकरित पिढीत जे लक्षण मागे सरते आणि पुढच्या पिढीत परत येते ते. ‘अप्रभावी’ म्हणजे मात्र ज्याचा प्रभाव पडत नाही ते, जवळजवळ कुचकामी. मागे सरण्यात परत येणे गृहीत आहे, अप्रभावी असण्यात नाही. सुरकुतलेल्या वाटाण्याच्या बाबतीत नेमके काय घडते हे १९९० मध्ये कळले : पिष्टकणाला फांद्या फोडणारे एक वितंचक तयार करणारा जनुक मध्येच तुटलेला असतो. एका प्रतीने काम भागते, म्हणून गोल लक्षण ‘प्रभावी’. बळाचा, श्रेष्ठत्वाचा किंवा संख्येचा येथे काही संबंध नाही. तरीही प्रभावी लक्षण अधिक चांगले, अधिक बळकट, आणि समाजात उत्तरोत्तर वाढत जाणारे, अशी त्रिविध समजूत विद्यार्थ्यांत सर्वत्र आढळते. तिसऱ्या समजुतीबद्दल त्यांना दोष देणेही कठीण, कारण १९०८ मध्ये लंडनच्या विद्वत्सभेत पनेटपुढे हाच मुद्दा उपस्थित झाला होता. आखूड बोटांचे लक्षण प्रभावी असेल तर ते तीन-चतुर्थांश लोकांत का पसरत नाही? पनेटने हा प्रश्न गणिती हार्डीपुढे ठेवला, आणि हार्डीने अगदी साध्या गुणाकाराने दाखविले की, निवड नसेल तर ही प्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतात. ‘सुप्त’ हा शब्द ‘अप्रभावी’ऐवजी आला असता तर अर्थ मूळाच्या पुष्कळ जवळ राहिला असता.

तीनास एक या प्रमाणाविषयीही असेच म्हणता येईल. मेंडेलला उंच व बुटकी झाडे ७८७ व २७७ मिळाली. नेमकी तीनास एक नव्हेत. फळ्यावर मात्र चार चौकटी असतात, आणि विद्यार्थी चार मुले मोजतो. सिकलसेलच्या दोन वाहकांची तीन अपत्ये निरोगी निघाली, की चौथे आजारी असणारच, अशी समजूत यातून होते. किंवा पहिलेच आजारी निघाले तर पुढची तीन सुरक्षित, अशी. दुसरी समजूत अधिक घातक आहे. मराठीत ‘चारांत एक’ या शब्दांनी मोजदादही सांगता येते आणि शक्यताही. पंचवीस टक्के संभव दर खेपेस नव्याने असतो, एवढे एक वाक्य चौकटीखाली लिहिले गेले तर पुष्कळ काम होईल. परीक्षेत चौकट बरोबर भरल्यास पूर्ण गुण मिळतात, आणि ती अर्धसूत्री विभाजनाचा अर्थ न कळताही भरता येते. हे दुखणे या दोन जिल्ह्यांचे नव्हे, सर्व जगाचे आहे.

१९६४ साली संकरित ज्वारीचा ‘सीएसएच-१’ हा वाण प्रसृत झाला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी खेड्यांत आला. संस्कृतातील ‘संकर’ हा मुळातच निंदाव्यंजक शब्द. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात वर्णसंकराची भीती आहे. शास्त्राने तो शब्द घेतला तेव्हा त्याबरोबर ही भीतीही घेतली. वस्तुतः संकरित पिकाचे सारे सामर्थ्य संकरातच आहे. शेतकऱ्याने संकरित ज्वारीचे दाणे राखून पुन्हा पेरले, तेव्हा शेतात काही ताटे उंच, काही ठेंगणी, कणसेही लहानमोठी अशी उगवली. हा मेंडेलच्या दुसऱ्या पिढीतील विभक्तीकरणाचा उघड्यावर मांडलेला प्रयोग होता. गावाने त्यावरून काढलेला निष्कर्ष निराळा : हायब्रीडला दम नाही. भाकरीच्या चवीविषयीची तक्रार तीत मिसळली, आणि पुढे ‘हायब्रीड’ हे नव्या पिढीतील नाजूक माणसालाही विशेषण झाले. ज्या वर्षी बियाणे विकत घेतले नाही त्या वर्षीचे शेत दाखवून वर्गात जे शिकविता आले असते, ते चावडीवर उलटे शिकविले गेले.

सर्वांत गंभीर परिणाम मात्र लिंगनिर्धारणाच्या धड्याशी निगडित आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत राज्यात ९१३ होती. साताऱ्यात ती ८७८ आणि सांगलीत ८५१ भरली. सातारा जिल्ह्यात ज्यांचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ असे होते अशा २८५ मुलींना २२ ऑक्टोबर २०११ रोजी समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. भाषेच्या अभ्यासकास या नावाइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो : निषेधार्थक क्रियापदाचे विशेषनाम झालेले, आणि ते शाळेच्या हजेरीपटावर रोज उच्चारले जाणारे. मुलगी नको असे नाव ठेवले की पुढचे अपत्य मुलगा होते, अशी त्यामागील श्रद्धा. २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एकोणीस भ्रूणांचे अवशेष सापडले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला होता.

स्त्रीबीजात एक्स गुणसूत्रच असते. शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. वाय आले तर मुलगा, एक्स आले तर मुलगी. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्सने किड्यांत दाखविलेली ही गोष्ट आज प्रत्येक शाळेत शिकविली जाते, आणि जनजागृतीच्या भित्तिपत्रकांवरही ती आहे. परंतु ती ज्या वाक्यात सांगितली जाते ते तपासण्याजोगे आहे. ‘मुलगा किंवा मुलगी होणे हे वडिलांवर अवलंबून असते’ या वाक्यात ‘अवलंबून’ हा शब्द कर्तृत्व सुचवितो. सुनेचा दोष काढून तो मुलाच्या माथी मारला, एवढाच अर्थ घरात उरतो. दोष हा शब्द मात्र जागेवर राहतो. दोन प्रकारच्या शुक्रपेशी जवळपास समसमान संख्येने तयार होतात आणि कोणती पुढे जाईल हे कोणाच्याही इच्छेत नाही, हा धड्याचा गाभा आहे. याहून कटू बाब अशी की, निदानकेंद्राकडे जाणाऱ्यांत शिकलेली कुटुंबेही होती. एक्स आणि वाय यांचे ज्ञान त्यांना नव्हते असे म्हणता येणार नाही. ‘वंशाचा दिवा’ या शब्दसमूहातील वंश एकाच बाजूने मोजला जातो, ही समजूत त्या ज्ञानाने हललेली नव्हती. मुलगा आपल्या गुणसूत्रांपैकी निम्मी आईकडून घेतो आणि मुलगीही निम्मी बापाकडून घेते, हे धड्यात लिहिलेले असते, पण वंशाच्या प्रश्नाशी ते जोडले जात नाही.

या भागातील शाळांना वाटाण्याच्या पलीकडे स्वतःचे एक उत्कृष्ट उदाहरण उपलब्ध आहे, आणि ते सातारा जिल्ह्यातील फलटणचे. तेथे ब. वि. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या कृषिसंशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोळ ही बुटकी, पण एका वेळी दोन-तीन कोकरे देणारी मेंढी आणली आणि तिचा दख्खनी मेंढीशी संकर केला. दख्खनी मेंढीस सामान्यतः एकच कोकरू होते. जुळ्यांना कारणीभूत असलेला जनुक ऑस्ट्रेलियातील बूरूला मेंढ्यांवरून ‘फेकबी’ या नावाने ओळखला जात होता. त्यातील नेमका बदल २००१ मध्ये सापडला, आणि गारोळ मेंढीतही तोच आहे हे पुढच्या वर्षी सिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियात नेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तिकडे गेला असावा, असे मानले जाते. पुढे पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर करून आणि प्रत्येक पिढीत जनुकाची तपासणी करून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली.

रूढ समजुतींपैकी बहुतेकांना या एका उदाहरणाने उत्तर मिळते. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीत एका वेळी अधिक बीजे सुटतात, दोन प्रती असतील तर त्याहूनही अधिक. म्हणजे प्रभावी-अप्रभावी ही जोडी येथे लागूच पडत नाही. तथापि दोन प्रतींनी कोकरांची संख्या त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण पोटात जागा मर्यादित असते. संकराने येथे वंश बिघडला नाही. गारोळचा एक जनुक आला आणि बाकीची मेंढी जवळजवळ दख्खनीच राहिली, यावरून रक्त मिसळण्याची कल्पनाही गळून पडते. जुळी कोकरे जगवायची तर मेंढीला अधिक चारा आणि धनगराला अधिक लक्ष द्यावे लागते, म्हणून परिस्थितीचा वाटाही त्यात येतो. आणि एडक्याच्या अंगावर हा जनुक दिसण्याचा प्रश्नच नाही. तो स्वतः कोकरे देत नाही, पण आपल्या मुलींना निम्मा वाटा देतो. एडका निवडताना त्याच्या शिंगांवरून, लोकरीवरून किंवा चालीवरून काही कळत नाही. रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि तेथे त्यातील तांबड्या पेशी बाजूस सारून केंद्रक असलेल्या पांढऱ्या पेशींतील डीएनए तपासला जातो.